खारट हात

हातमोजा काढण्याआधी जोतिबानं दोनदा मागं वळून पाहिलं. जेवणाची सुट्टी होती. उद्यमबागेतल्या त्या कारखान्यातली माणसं बाहेर डबे उघडून बसली होती. समोर नव्या पोलादाचा साचा, प्लास्टिकच्या डब्यांचा, आरशागत लखलखीत.

सव्वीस वर्षांत त्यानं साच्याला उघडा हात लावला नव्हता. घामच मेला असा खारट, की बोट टेकलं तर सकाळी तिथं तांबडा डाग हजर. "जोतिबाअण्णानं नुसतं बघितलं तरी लोखंड गंजतंय," अशी चेष्टा चालायची. पण बेळगावच्या ओल्या हवेत साच्यांना रोज तेल लागायचं, आणि ते लावावं तर मोजे घातलेल्या जोतिबानंच. उचगावातलं त्याचं घर त्या तेलाच्या डब्यावर चाललं होतं.

आणि आता हे नवं पोलाद आलं. मालकांचा मुलगा आशुतोष सकाळीच कौतुकानं सांगून गेला होता, "अण्णा, हे कापायला सोपं आणि गंज म्हणून धरत नाही. आठवडाभर तेल न लावता असंच उघडं ठेवू. डाग पडला तर आपलं जुनंच बरं. नाही पडला, तर तुम्ही घरी बसून आराम करायचा."

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आराम म्हणजे काय, हे जोतिबाला पक्कं ठाऊक होतं. त्यानं घामेजलेला पंजा साच्यावर दाबून धरला. जन्मभर लपवलेला हात आज पहिल्यांदा कामाचा वाटला.

"गंज रं बाबा," तो पुटपुटला. "एवढा एक डाव गंज."

आठवडाभर त्याला घास गोड लागला नाही. आठव्या दिवशी आशुतोषनं साचा उजेडाकडं फिरवला. वर पाच बोटांचा मळकट ठसा उमटला होता.

"हा पंजा कुणाचा?"

"माझाच हाय, साहेब." आता लपवून काय करणार होता तो?

आशुतोषनं ठशावर नख घासून बघितलं आणि हसला. "नुसता घाम आहे. गंज कुठंच नाही. तुमच्या हातालाही पुरून उरलं की हे. टाका पुसून."

जोतिबाचा हात सवयीनं तेलाच्या डब्याकडं गेला.

"तेल कशाला, अण्णा? कोरडंच फडकं घ्या."