ससुलीचं घरटं

बायको गेल्याचा फोन आला, त्याच दिवसापासून तिची लाडकी ससुली त्याच्यावर गुरगुरायला लागली. स्वतःच्या छातीची लव उपटून तिने पलंगाखाली घरटं केलं.

"आजोबा व्हायची घाई नको, काका," जनावरांचे डॉक्टर हसले. "नसबंदीचं ऑपरेशन केलेलं नाही ना, म्हणून उगाचच गाभण असल्यासारखी वागतेय. घरट्यात काही नसतं."

बरं म्हणून तो घरी आला आणि पलंगाखाली वाकला. पांढऱ्या लवेत बायकोचे लांब काळे केस गुंफलेले होते, नुकतंच तेल लावलेले. तिचे केस तर औषधांनी वर्षापूर्वीच गळून गेले होते.

ससुली त्याच्या पायाशी गप्प बसून होती. घरटं मात्र संथपणे खालीवर होत होतं.

लव बाजूला करून त्याने अजून पाहिलेलं नाही.