नऊ शेंगदाणे

सोसायटीच्या गच्चीवर सतरंजी पसरून मधोमध दोन ताटं ठेवली होती. मागच्या जिन्याला कुलूप हवं असेल त्यानं पितळी ताटात टाकायचं, नको असेल त्यानं स्टीलच्या. मोठ्यांना सुपारी, पोरांना शेंगदाणा. "पण किंमत दोन्हीची एकच हं," कुसुमावतीबाईंनी बजावलं होतं. सरोजिनी नगरची सरकारी क्वार्टर्स सोडून गुडगावच्या या नव्या इमारतीत आलेल्यांत त्याच सगळ्यांत वडील. "दिवसभर जिने पोरंच तुडवतात. त्यांना विचारलं तर कुणाची जीभ झिजते?" असं म्हणून पोरांना मत त्यांनीच मिळवून दिलं होतं.

पण मागच्याच जिन्यानं येऊन चोरांनी त्यांच्या माहेरचा तांब्याचा बंब पळवला होता. बाईंची सुपारी पितळी ताटात ठणकन वाजली.

चौदा वर्षांची अक्षया उभी राहिली. "आजी, जनरेटरच्या डिझेलची पिंपं पुढच्या जिन्याखाली आहेत. वहाँ आग लगी, तर आम्ही उतरायचं कुठून?"

"भरल्या संध्याकाळी काय अभद्र बोलतेस गं!" तिची आईच ओरडली.

सेक्रेटरी श्यामकांत मोजायला बसले. पितळी ताटात अकरा सुपाऱ्या. स्टीलच्या ताटात चार, आणि नऊ शेंगदाणे. कुसुमावतीबाईंची शाळा दुसरीतच सुटली होती, पण मोजणीत त्यांना आजवर कुणी फसवलं नव्हतं. बसल्या जागेवरून त्यांची बेरीज कधीच झाली होती.

श्यामकांतांनी शेंगदाणे मुठीत चोळले, सालं फुंकरली आणि सगळे एकदम तोंडात टाकले. "अकरा आणि चार. चलो, लागलं कुलूप!"

गच्ची खदखदून हसली. पोरं तेवढी बाईंकडे बघत राहिली. बाईंनी पदर सारखा केला.

किल्ली मानानं त्यांच्याकडेच आली. ती कमरेला खोचतायत तोवर लाइट गेली. खाली जनरेटर धडधडला आणि डिझेलचा भपका पुढच्या जिन्यानं वर आला. मोठी माणसं नाकाला रुमाल लावून त्याच जिन्यानं उतरली.

अक्षया थांबली होती. तिच्या मागे उरलेली आठ पोरं.

"आजी," ती म्हणाली, "झोपताना किल्ली कुठे ठेवता, तेवढं आम्हाला दाखवून ठेवा."