डेलची शपथ

एकाचा गुडघा गेला.

एकाचा खांदा निखळला.

तिसरा फुटबॉल सोडून पाद्री झाला.

टीमने दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कुणाला घेतलं की डेल लगेच त्याच्या नावाची जर्सी घ्यायचा, आणि त्या बिचाऱ्याचे ग्रह फिरायचे. त्यामुळे यंदाचा ड्राफ्ट टीव्हीवर सुरू झाला, तेव्हा अमेरिकेतल्या एरी तलावाकाठच्या रोंडाच्या बारमध्ये सगळ्यांचा एक डोळा पडद्यावर होता आणि एक डेलवर.

"बचाव फुटका आहे आपला. आधी एक धिप्पाड गडी घ्यावा," गस म्हणाला.

"आणि बॉल कोण फेकणार, तुझा बाप?" गर्दीने बार तापला होता, तरी डेलने जॅकेट काढलं नव्हतं. "क्वार्टरबॅकच हवा. टार्व्हरला घेतील, लिहून ठेव."

टार्व्हरलाच घेतलं. अख्खा बार नाचला, आणि मग एकदम डेलकडे वळला.

"डेल, हात जोडते बाबा," रोंडा म्हणाली, "याची जर्सी तेवढी घेऊ नकोस."

"नाही घेत. आईची शपथ," डेल म्हणाला आणि त्याने जॅकेटची बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.

 

टॅटूचं दुकान त्या दिवशी सकाळी दहालाच उघडलं होतं.