सुक्या बोंबलांचा प्रबंध

"हेमांगी, पहिल्या प्रकरणाचा वास कमी कर गं," कपाळावरची पट्टी काढत मार्गदर्शक केळसकर मॅडम म्हणाल्या. "परीक्षक पळाले तर पदवी कोण देणार?"

प्रबंध आता कुणी वाचत नसे. पट्टी लावली की तो अंगात उतरे. हेमांगीच्या कच्च्या प्रबंधात बोंबील वाळवण्याची सगळी विद्या होती: वास, वारा, बोटांना चिकटणारं मीठ.

"मग सुरुवात कशानं करू?"

"भुकेनं! आधी तव्यावरची चुरचुर, मग लसूण. बोंबील शेवटी."

बाई पोचलेल्या! मंजुरी होती परीक्षक दामले सरांच्या हाती, आणि ते तर मासळीच्या वासानं रस्ता बदलणारे. हेमांगीनं तसा क्रम बदलला. सरांनी पट्टी लावली, डोळे मिटले, दोनदा लाळ गिळली. सही करता करता एकच शंका काढली, "भाकरी कितव्या प्रकरणात आहे?"