ये हं

आमच्या घरात निघणाऱ्याला 'जा' म्हणत नाहीत, 'ये' म्हणतात. ही शिस्त माझी. नात ऊर्मी इथे कॅनडात वाढली, तरी तिच्या अंगात ती पुरती मुरली आहे.

ऊर्मी उत्तरेला जाऊन पांढऱ्या अस्वलांची मोजदाद करते. भुलीचं इंजेक्शन देऊन त्यांचं वजन घेते, गळ्यात पट्टा बांधते. मग अस्वल कुठे फिरतंय ते लॅपटॉपवर ठिपक्याच्या रूपात दिसतं.

मागे एक मादी शुद्धीवर येऊन चालू लागली, तेव्हा ऊर्मीच्या तोंडून सवयीने निघालं, "ये हं."

बाकीचे ठिपके गोठल्या समुद्रावर शिकारीला गेले. त्या मादीचा ठिपका तेवढा सरळ दक्षिणेला, आमच्या कनाटा गावाकडे निघाला.

"पट्टा बिघडलाय, आजी," ऊर्मी म्हणायची. आज दुपारी ठिपका आमच्याच छपरावर येऊन थांबला, आणि तिचा चेहरा उतरला. "आजी, इट्स हिअर."

मागच्या अंगणातलं बर्फ कोरं होतं, पावलाचा ठसा नव्हता. पण काचेच्या दारावर, माझ्या डोक्याच्या हातभर वर, वाफ धरत होती आणि विरत होती. मी पदराने पुसून पाहिली. पुसेना. बाहेरून होती.

"तू बेसमेंटमध्ये जाऊन बस," मी ऊर्मीला म्हटलं. "चार सुना सरळ केल्यात मी. हिलाही वाटेला लावते."

पदर खोचला, दारासमोर उभी राहिले आणि ठणकावून सांगितलं, "झाली भेट. ये आता."

वाफ विरली. मग पुन्हा तिथेच धरली.

मी पदर फिरवला. या वेळी वाफ पुसली गेली, पदर ओला झाला.