खोलीच्या बाजूने

सोमवारी सकाळी अकरा वाजता, नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावरील सुनावणी कक्षात, गच्चीवरच्या विनापरवाना खोलीचे प्रकरण पुकारले गेले. घर आईच्या नावावर होते; तिच्या वडिलांनी ते तिला दिले होते. उत्तर तिने द्यायचे होते, पण तिच्या वतीने उभे राहिले तिचे पती, निवृत्त वकील. तिला सारी गल्ली आईच म्हणे. मुलीला जाऊन वर्ष उलटले, तरी ती हाक कोणी बदलली नव्हती.

खोली मुलीच्या आजारपणात बांधली गेली. खालच्या घरात ऊन येत नसे आणि तिला ऊन हवे होते. परवानगीची वाट पाहण्याइतका वेळ तिच्याजवळ नव्हता. त्याच खोलीत ती गेली.

त्यानंतर आई वर राहायला गेली, ती जणू उतरलीच नाही. मुलीच्या पलंगावर निजे, तिचीच शाल पांघरे, उशीचा अभ्रा मात्र धूत नसे. वकीलसाहेबांच्या गुडघ्यांना तो लोखंडी जिना झेपत नसे. ते खालून हाक मारत. ती वरून "आले" म्हणे आणि येत नसे. मग ते दोरीला डबा बांधत. डबा वर जाई आणि बहुधा अर्धा भरलेलाच खाली येई. त्या घरात दोन माणसे होती आणि दोघेही एकेकटे जेवत.

मग कोणीतरी तक्रार केली, तपासनीस येऊन गेला आणि खोली पाडण्याची नोटीस दारावर चिकटली. त्या दिवशी आई जिना उतरून आली.

"अहो, कोणाच्या डोळ्यांत खुपली माझ्या लेकीची खोली?"

"असेल कोणी."

"असेल कोणी काय? हे प्रकरण तुम्हीच लढायचं. तुमच्यासारखं बोलणारं दुसरं कोणी नाही."

उभ्या संसारात तिने हे कधी कबूल केले नव्हते. वकीलसाहेब नुसते "बरं" म्हणाले.

पुढचे काही दिवस दोघे पुन्हा एका टेबलाशी बसले. ती चहा करी, ते नियमावली वाचत. त्यांनी लिहिलेला पहिला युक्तिवाद तिने ऐकला आणि बाजूला सारला.

"इतकं मिळमिळीत? ही काय लग्नपत्रिका आहे? दया कसली मागता? कायदा सांगा!"

"अगं, कायदा आपल्या बाजूने थोडाच आहे."

"मग आणा. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी आणलात ना?"

त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि नवा कागद घेतला.

सुनावणीत तपासनीस थोडक्यात बोलला. खोली मंजूर नकाशात नाही, जिन्याला कठडा नाही. पाडणे हाच उपाय. साक्षीला शेजारच्या काकू आल्या होत्या. आईने त्यांना बसूही दिले नाही.

"झालं समाधान? तुमच्या कुंड्यांवर सावली पडते म्हणून एवढं?"

"अगं, सावली पडते खरी, पण मी कशाला तुझ्या मुळावर उठू? अंगाखांद्यावर खेळवलंय मी तिला."

"चोराच्या उलट्या बोंबा!"

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी टेबलावर पेन आपटले. "आई, शांत व्हा. तक्रारदाराचं नाव आत्ता निघणार नाही. तक्रार मान्य झाली, तर ते कायमचं गुप्त राहतं. फेटाळली, तरच निकालात वाचलं जातं."

"मग वाचाच!" आई म्हणाली. "अहो, ऐकलंत ना? सोडू नका त्याला."

"नियम माहीत आहे मला," वकीलसाहेब म्हणाले.

अधिकारी क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिले. "तुम्ही नक्की खोलीच्या बाजूनेच बोलणार आहात?"

आईला हा टोमणा वाटला. "मग काय पाडणाऱ्यांच्या बाजूने बोलतील?"

वकीलसाहेब पाण्याचे दोन घोट प्यायले. शेजारी बसलेल्या पत्नीकडे त्यांनी नीट पाहिले. कित्येक महिन्यांनी तिने केस विंचरले होते.

"खोलीच्या बाजूने," ते म्हणाले आणि उभे राहिले.

मग ते असे बोलले, की दारातला शिपाईही आत येऊन उभा राहिला. "नियम माणसाचा जीव राखण्यासाठी असतो, त्याचं जगणं हिरावण्यासाठी नव्हे. भिंती पक्क्या आहेत, हे तपासनीसच मान्य करतात. कोणाची वाट अडत नाही. कठडा नसेल, तर कठडा लावायला सांगा. जिन्याच्या गुन्ह्यासाठी खोलीला फाशी कसली? आधी दुरुस्तीची संधी, मग हातोडा, हा तुमच्याच नियमावलीचा क्रम आहे. घर जिच्या मालकीचं, तिला तो क्रम नाकारता येणार नाही. तिचं जे काही उरलंय, ते त्या छताखाली आहे. ते..."

आयुष्यात प्रथमच त्यांनी एक वाक्य अर्धे सोडले आणि ते खाली बसले.

तपासनिसाने मान खाली घातली. काकू पदराने डोळे पुसत होत्या. आईने टेबलाखाली पतीचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता.

"जिंकलात तुम्ही," ती कुजबुजली. "तिच्यासाठी जिंकलात."

"हो गं," ते म्हणाले आणि त्यांनी हात हळूच सोडवून घेतला.

अधिकाऱ्यांनी चष्मा सावरला, एकवार वकीलसाहेबांकडे पाहिले आणि निकाल वाचला.

"कठडा बसवण्याच्या अटीवर खोली कायम राहील. मालकिणीच्या पतीने केलेली तक्रार फेटाळण्यात येत आहे."