पांढऱ्या व्हॅनचा पाठपुरावा

“हे बघ, यांनी पुन्हा सगळं काळं करून पाठवलंय,” म्हणत व्हर्नेल मॅब्रीबाईंनी पोलीस खात्याचं उत्तर जोसलिनच्या टेबलावर आपटलं.

वर खात्याचं चिन्ह, खाली सही आणि मधल्या सगळ्या मजकुरावर काळे पट्टे. जोसलिन प्रॅट त्यांची वकील. तिने कागद उजेडात धरून पाहिला. “तारीख तेवढी ठेवलीय, मिस व्हर्नेल. उपकारच म्हणायचे.”

मॅब्रीबाईंना हसू आलं नाही. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गल्लीत एक पांढरी व्हॅन दिवसभर उभी होती आणि त्याच दिवशी गल्लीतले सगळे फोन मुके झाले. शेजारच्या गेन्स म्हाताऱ्यांच्या छातीत कळ आली. त्यांच्या बायकोने अँब्युलन्ससाठी फोन लावून लावून पाहिला आणि शेवटी बर्फातून धावत अग्निशमन केंद्र गाठलं. तोवर म्हातारे गेले होते. पोलिसांना विचारलं तर त्यांनी कानांवर हात ठेवले. कसली व्हॅन?

जोसलिनला मात्र अंदाज होता. पोलिसांकडे गाडीत ठेवायचं एक यंत्र असतं, ते मोबाइलच्या टॉवरचं सोंग घेतं. आसपासचे फोन भाबडेपणाने त्यालाच चिकटतात, मग बाहेर कुठेच लागत नाहीत, आणि कुणाचा फोन कुठे आहे ते पोलिसांना आयतं कळतं. ते वापरायला देताना बनवणाऱ्या कंपनीने खात्याकडून गुप्ततेचा करार लिहून घेतलाय, अशी कुजबुज होती. मॅब्रीबाईंनी अर्ज करून तो करारच मागितला होता. खात्याने दिला नाही, म्हणून आता कोर्टात जायचं होतं.

“न्यायाधीशांपुढेसुद्धा तोंड उघडायचं नाही, असं म्हणे त्यात आहे,” जोसलिन म्हणाली. “फारच खोदून विचारलं तर खटला सोडून द्यायचा, पण यंत्राचं नाव काढायचं नाही. पलीकडच्या काउंटीत गांजा विकणारा एकजण असाच सुटला.”

“सुटेना का बापडा! या चोरून ऐकणाऱ्यांची खोड तरी मोडेल.”

सगळ्याच पोलिसांवर बाईंचा राग होता असं नाही. त्यांचा मुलगा टेरेल पेट्रोल पंपावर कामाला होता. गल्ल्यातल्या चार नोटांसाठी लॉनी स्ट्रिकलंड त्याला गोळी घालून मारून पसार झाला. डिटेक्टिव्ह हॅलोरनने त्याला हायवेवरच्या एका मोटेलात झोपेतच धरलं. पिस्तूल उशीखालीच सापडलं. एका खबऱ्याने पत्ता दिला होता म्हणे. त्या अनोळखी माणसासाठी बाई दर ख्रिसमसला हॅलोरनच्या हाती लिंबाचा केक पाठवत. हॅलोरन मान खाली घालून तो घेऊन जाई. लॉनीचा खटला आता उन्हाळ्यात उभा राहणार होता, आणि बाई त्याच दिवसाची वाट पाहत जगत होत्या.

कोर्टात अर्ज गेला आणि दुसऱ्याच दिवशी हॅलोरन दारात उभा राहिला.

“फोन आत ठेवून या, मिसेस मॅब्री. अंगणात बोलू.”

“का रे? तुझेच लोक ऐकतायत, त्यांना घाबरतोस?”

तो हसला नाही. “हा अर्ज मागे घ्या. निदान लॉनीचा निकाल लागेपर्यंत.”

“दोन्हींचा काय संबंध?”

“मला सांगता येत नाही.”

“येत नाही की सांगायचं नाही?”

“येत नाही. मी हात जोडतो तुमच्यापुढे.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “माझ्या मेलेल्या पोराच्या नावाने मला धमकावतोस? अर्ज मागे घेतला नाही तर खटला पाडणार, असंच ना? जा, सांग तुझ्या साहेबाला, व्हर्नेल मॅब्री विकाऊ नाही.”

तो काही बोलायला गेला, पण बाईंनी दार लावून घेतलं होतं. इतकी वर्षं या माणसावर विश्वास ठेवला, याचंच त्यांना वाईट वाटलं. त्या दिवसापासून त्या मोबाइल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवू लागल्या. जोसलिनशी बोलायचं झालं तर बस पकडून तिच्या ऑफिसात जात. समोर कुणी गाडी लावली की पडदा सारून नंबर पाहत. कुठेतरी पाणी मुरतंय याची आता त्यांना खात्रीच होती. एरवी हॅलोरनसारखा माणूस हात कशाला जोडेल?

पोलिसांच्या वकिलाने देशाच्या सुरक्षेपासून देवाच्या मर्जीपर्यंत सगळं सांगून पाहिलं. न्यायाधीश बधले नाहीत. काळे पट्टे काढून करार जाहीर करा, असा हुकूम झाला. जोसलिनने बाईंना कडकडून मिठी मारली. रविवारी चर्चमध्ये लोक बाईंसाठी उभे राहिले, आणि गेन्सबाईंनी त्यांचे हात हातात घेऊन रडून घेतलं.

करार, खटला सोडून द्यायच्या कलमासकट, वर्तमानपत्रात पहिल्या पानावर छापून आला, शेजारी मॅब्रीबाईंचा फोटो. त्याच दिवशी लॉनीचा खटला होता. बाई निळी टोपी घालून पहिल्या रांगेत बसल्या. आज टेरेलला न्याय मिळणार होता. हॅलोरन साक्षीच्या पिंजऱ्यात होता. ज्युरी अजून आत यायची होती.

लॉनीचा वकील उठला. त्याच्या काखेत सकाळचं वर्तमानपत्र होतं. त्याने वळून मॅब्रीबाईंना अदबीने मान लववली. पोराच्या आईचं दुःख समजतंय बिचाऱ्याला, असं बाईंना वाटलं.

“डिटेक्टिव्ह, माझा अशील त्या मोटेलात आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“खबऱ्याने.”

“त्याचं नाव मला नको. शपथेवर एवढंच सांगा, तो खबऱ्या माणूस होता का?”

हॅलोरनने वकिलाकडे पाहिलं नाही, न्यायाधीशांकडेही नाही. तो मॅब्रीबाईंकडे पाहत राहिला.

“उत्तर द्या,” न्यायाधीश म्हणाले.

शेवटी सरकारी वकील खुर्ची मागे सारून उठले आणि खालमानेने म्हणाले, “सरकार लॉनी स्ट्रिकलंडवरचे सगळे आरोप मागे घेत आहे.”